भोपळ्याची पृथ्वीप्रदक्षिणा

इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. आज आम्ही ज्याचे चरित्र मांडणार आहोत त्याने एकही लढाई जिंकलेली नाही. उलट परीक्षेत ज्याच्या पदरी काहीच पडत नाही त्याच्या पदरी हा पडतो. परसातल्या मांडवावर, गोठ्याच्या छपरावर किंवा कुंपणाच्या बोरीवर चढणारा दुध्या भोपळा हा आमचा चरित्रनायक. बाजारात त्याला फारशी प्रतिष्ठा नाही. आजाऱ्याची भाजी म्हणून तो घरात येतो आणि मुले नाक मुरडतात. पण या गरीब वेलाच्या नावावर असा एक पराक्रम आहे की त्यापुढे दर्यावर्दी म्हणून गाजलेल्या माणसांनीही मान लववावी. कोलंबसाचे गलबत १४९२ साली अमेरिकेकडच्या बेटांना लागले. त्याच्या कितीतरी हजार वर्षे आधी आपला भोपळा त्या खंडात पोचून तिथल्या माणसांच्या घरात नांदत होता. जगातल्या सर्व उष्ण खंडांत, माणसांच्या हातांत, इतक्या जुन्या काळापासून सापडणारी दुसरी वनस्पती दाखविणे कठीण. तो तिथे कसा पोचला, हे आजच्या विवेचनाचे मुख्य सूत्र.

प्रथम नायकाची ओळख करून घेऊ. शास्त्रात याला लाजेनारिया सिसेरारिया म्हणतात. लॅटिन भाषेत ‘लाजेना’ म्हणजे सुरई किंवा बाटली. तेव्हा बारसे करणाऱ्यांनाही यातली भाजी दिसली नाही, भांडे दिसले, हे लक्षात ठेवावे. काकडी, दोडका, पडवळ, कारले आणि कलिंगड यांच्याच कुळातला हा वेल. एका हंगामात तो उगवतो, वाढतो, फळतो आणि सुकून जातो. खोड केसाळ आणि पान रुंद; पान चुरगळले तर एक उग्र वास येतो. पानाचा देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन बारीक ग्रंथी असतात. वेलाला फळ नसतानाही जाणकार त्यावरून त्याला ओळखतात. ताणे दुभंगलेले असतात. ताण्याचे टोक आधाराला लागले की ते त्याला विळखा घालते, आणि मग मधला भाग स्प्रिंगेसारखा आखडून वेलाला वर ओढतो. गंमत अशी की आखडताना ताण्याचा अर्धा भाग एका दिशेने पिळतो आणि उरलेला अर्धा उलट दिशेने. दोन्ही टोके बांधलेली असली म्हणजे पीळ असाच बसावा लागतो. वेलांच्या ताण्यांची ही रीत चार्ल्स डार्विनने १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात फार बारकाईने वर्णिली आहे.

या कुळातली बहुतेक फुले पिवळी. दुध्याचे फूल मात्र पांढरेशुभ्र असते, ते तिन्हीसांजेला उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढता चढता मलूल होते. रात्री हिंडणारे पतंग हे त्याचे पाहुणे, आणि अंधारात पाहुण्याला वाट दिसावी म्हणून हा पांढरा पेहराव. नर आणि मादी फुले एकाच वेलावर, पण वेगळी. लांब दांड्यावर नुसतेच फूल असेल तर तो नर. फुलामागे करंगळीएवढा लवदार भोपळा दिसला तर ती मादी. नरफुलांची संख्या पुष्कळ जास्त असते. वेल फुलांनी भरला तरी फळ का धरत नाही म्हणून माणसे हळहळतात, त्याचे कारण बहुधा हेच.

फळाच्या आकाराला तर सीमा नाही. कोणी हातभर लांब, कोणी घागरीसारखे गोल, कोणी सुरईसारखे मानेचे, कोणी डमरूसारखे मध्ये आवळलेले. कोवळेपणी गर मऊ आणि साल नखाने खरवडावी अशी. पण तोच भोपळा वेलावर जून होऊ दिला तर साल लाकडासारखी कठीण होते, आतला गर वाळून आक्रसतो, बिया खुळखुळू लागतात, आणि वजनाला हलके, पाण्याला अभेद्य असे एक तयार भांडे हातात येते. कुंभाराचे चाक नको, भट्टी नको, लोहार नको. माणसाने मातीची भांडी भाजायला शिकण्याच्या कितीतरी आधी निसर्गाने त्याला हे भांडे देऊन ठेवले होते. हीच या वेलाच्या जगप्रवासाची किल्ली होय. गहू आणि तांदूळ पोटासाठी फिरले. भोपळा मुख्यतः भांडे म्हणून फिरला.

याची साक्ष दूर शोधायला नको. आपल्या बोलण्यातच ती आहे. ‘दोन गोष्टींची सांगड घातली’ असे आपण म्हणतो. सुके भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून नदी उतरण्यासाठी केलेला तराफा, ती सांगड. पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पिढी तर अगदी कालपरवाची. एखाद्याने ‘आपली तुंबडी भरून घेतली’ असे आपण म्हणतो, ती तुंबडी गोसाव्याच्या भिक्षापात्राची. अंगातले रक्त काढण्यासाठी ‘तुंबड्या लावीत’, ती तुंबडीही मुळात हीच. सुश्रुताने रक्तमोक्षणाच्या साधनांत शिंग आणि जळू यांच्या जोडीला अलाबू म्हणजे भोपळा सांगितला आहे. आत दिवा ठेवून हवा विरळ करावी आणि तोंड अंगाला लावावे, म्हणजे रक्त ओढले जाते, ही त्यामागची युक्ती.

संस्कृतात याला अलाबु आणि तुंबी ही नावे आहेत. अथर्ववेदाच्या आठव्या कांडात विराजाच्या दोहनाचे वर्णन आहे. देव, पितर, गंधर्व यांनी निरनिराळ्या पात्रांत दूध काढले. सर्पांनी काढले ते अलाबूच्या पात्रात. मनुस्मृतीने संन्याशाला जी पात्रे चालतील म्हणून सांगितली त्यांत भोपळ्याचे पात्र आहे. रामायणात सगर राजाच्या सुमती राणीला जो गर्भ झाला तो भोपळ्याच्या आकाराचा, आणि तो फुटून साठ हजार पुत्र निघाले, अशी कथा आहे. ज्याने जून भोपळा फोडून त्यातल्या बिया पाहिल्या आहेत त्याला ही कल्पना कोठून सुचली हे सांगावे लागत नाही. जैनांच्या ज्ञाताधर्मकथेत एक सहावे अध्ययनच तुंब्याच्या नावाचे आहे. कोरड्या तुंब्यावर गवताचे आणि मातीचे आठ लेप दिले तर तो पाण्यात तळाला जातो. लेप भिजून एकेक गळून पडला की तो आपोआप वर येतो. तसाच कर्माचे लेप गळाल्यावर जीव वर चढतो. तत्त्वज्ञान बाजूला ठेवले तरी यातून एक ऐतिहासिक गोष्ट निघते. तुंबा तरंगतो हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. नाहीतर दृष्टान्ताला अर्थच उरला नसता.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. ज्याला आपण लाल भोपळा किंवा डांगर म्हणतो तो या भोपळ्याचा सख्खा नव्हे. त्याची जात निराळी आणि त्याचे मूळ घर अमेरिका. मिरची, बटाटा आणि पेरू यांच्याप्रमाणे तोही सोळाव्या शतकापासून पुढे पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला. म्हणून त्याआधीच्या कोणत्याही लेखात भोपळा दिसला तर डोळ्यांपुढे लाल भोपळा आणू नये.

आता प्रश्न असा की या वेलाचे माहेर कोणते? आपल्याकडे तो वेदांपासून आहे, म्हणून तो आपलाच, असे म्हणावेसे वाटणे साहजिक आहे. पण वनस्पतींच्या बाबतीत जुने उल्लेख हा जन्माचा दाखला ठरत नाही. तो फक्त वास्तव्याचा दाखला. माहेर शोधण्याची शास्त्राची रीत निराळी आहे. वेलाचे रानटी भाऊबंद कोठे राहतात ते पाहायचे. लाजेनारिया या गणात आपला भोपळा धरून सहा जाती आहेत. उरलेल्या पाचही रानटी असून त्या आफ्रिका आणि मादागास्करमध्ये आढळतात. सगळे चुलते एका गावात असतील तर घराणे त्या गावचे, हा तर्क आपल्या कुलवृत्तांतांतही चालतो. तरीही खुद्द दुध्याचा रानटी पूर्वज बराच काळ कोणाला निर्विवाद दाखविता येत नव्हता. नदीकाठी, ओसाड जागी जो वेल रानटी म्हणून सापडे तो बहुधा कोणाच्या तरी परसातून सुटलेला असे. शेवटी झिंबाब्वेतल्या एका आडरानात खरोखरीचे रानवेल मिळाले. त्यांची आनुवंशिक तपासणी करून ते अस्सल रानटी असल्याचे संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केले. माहेर आफ्रिका, हे तेव्हा पक्के झाले.

आफ्रिकेत हे माहेरपण आजही दिसते. केनियातले कालेंजिन लोक दूध आंबवून ‘मुर्सिक’ करतात ते भोपळ्याच्या लांब पात्रात. पश्चिम आफ्रिकेतल्या भाटांचे ‘कोरा’ हे तंतुवाद्य मोठा भोपळा अर्धा कापून त्यावर चामडे चढवून बनते. तिकडून पूर्वेला निघालेला हा वेल चीनमध्ये आणि जपानमध्ये आठनऊ हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांतून मिळाला आहे. त्याहून पुढे, पॅसिफिकच्या बेटांवर, त्याची थोरवी आणखी वाढली. पॉलिनेशियन दर्यावर्द्यांनी मातीची भांडी करण्याची कला वाटेत कोठेतरी सोडून दिली होती. न्यूझीलंडच्या माओरींनी याला ‘हुए’ म्हटले, हवाईत तो ‘इपू’ झाला. पाणी ठेवावे त्यात, चरबीत मुरविलेले पक्षी साठवावेत त्यात, आणि नाचाला ताल धरावा तोही त्यावरच. ज्या समाजात मडके नाही त्या समाजात भोपळा म्हणजे अर्धा संसार.

इथवर माणूस आणि भोपळा हातात हात घालून चाललेले दिसतात. खरे कोडे अमेरिकेचे आहे. १९४६ साली ज्युनियस बर्ड या पुरातत्त्वज्ञाने पेरू देशाच्या किनाऱ्यावर वाका प्रिएता येथे एक टेकाड खणायला घेतले. तिथल्या चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कोळ्यांना मातीची भांडी ठाऊक नव्हती, पण त्यांच्या जाळ्यांना तरंड म्हणून भोपळे बांधलेले होते, आणि कोरून चित्रे काढलेले दोन लहान भोपळेही तिथे मिळाले. पुढे मेक्सिकोतल्या गुहांतून निघालेल्या सालींचे वय दहा हजार वर्षांच्या घरात गेले. आफ्रिकेचा वेल, मध्ये अटलांटिक महासागर, आणि काळ असा की समुद्र ओलांडणारे गलबत कोठेही नव्हते! तेव्हा आणला कोणी?

या प्रश्नाला गेल्या सत्तरऐंशी वर्षांत तीन उत्तरे मिळाली, आणि ती ज्या क्रमाने आली तो क्रमच मोठा बोधप्रद आहे.

पहिले उत्तर समुद्राचे. व्हिटाकर आणि कार्टर या दोघा अमेरिकन संशोधकांनी वाद घालण्यापेक्षा भोपळे खाऱ्या पाण्यात सोडून पाहिले. २२४ दिवस तरंगल्यावरही आतल्या बिया रुजल्या, असे त्यांनी १९५४ साली प्रसिद्ध केले. सात महिन्यांहून अधिक काळ! आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून ब्राझीलकडे वाहणारा सागरी प्रवाह लक्षात घेता तेवढा अवधी पुरेसा होता. पण शंका घेणारे म्हणाले, नारळासारखा हा किनाऱ्यावरचा वृक्ष नव्हे. भोपळा वाळूवर येऊन पडला तरी त्याला फोडून, बी आत नेऊन चांगल्या जमिनीत टाकणारा कोणी तरी हवा. दरम्यान १९४७ साली थोर हेयरडालने ‘कोन-टिकी’ तराफ्यावरून पेरूहून पॉलिनेशिया गाठला, आणि प्राचीन माणसांनीच समुद्र ओलांडले असे मानणाऱ्यांना बळ आले. रताळ्याच्या बरोबरीने भोपळ्याचीही साक्ष त्या पक्षाने काढली.

दुसरे उत्तर माणसाचे. २००५ साली डेव्हिड एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या प्राचीन सालींमधून डीएनए काढला आणि तो आशियातल्या भोपळ्यांशी जुळतो असे जाहीर केले. तेव्हा चित्र असे झाले की आशियातून उत्तरेच्या वाटेने अमेरिकेत शिरलेल्या आद्य मानवांनी कुत्रा बरोबर नेला तसा भोपळाही बरोबर नेला. चित्र मनोहर होते. पण उन्हाळ्याचे चांगले चारसहा महिने ऊब मिळाल्याशिवाय जो वेल पिकत नाही तो सायबेरिया आणि अलास्काच्या हिमात पिढ्यान्‌पिढ्या कसा जगविला, ही अडचण उरलीच.

तिसरे उत्तर २०१४ साली आले. लोगन किस्टलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन सालींतून मिळालेल्या आनुवंशिक लिपीचा पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा भाग वाचला. आधीच्या अभ्यासाने थोड्याच खुणांवर विसंबून निर्णय दिला होता. आता हजारो अक्षरांची पोथी समोर होती. तिचा निकाल स्पष्ट निघाला: कोलंबसपूर्व अमेरिकेतले भोपळे आफ्रिकेतल्या भोपळ्यांचेच वंशज, आशियातल्यांचे नव्हेत. सागरी प्रवाहांचे गणित मांडून त्यांनी हेही दाखविले की आफ्रिकेच्या नद्यांतून समुद्रात गेलेला भोपळा बी जिवंत असेतोवर अमेरिकेला लागू शकतो. किनाऱ्यावरून आत बी नेण्याचे काम त्या काळी तिथे असलेल्या अजस्र प्राण्यांनी केले असावे, असे त्यांचे अनुमान आहे. म्हणजे १९५४ सालचे तरंगते भोपळे साठ वर्षांनी खरे ठरले! भोपळा एकटाच गेला. माणूस नंतर तिथे पोचला, आणि त्याने हे आयते भांडे पाहताच उचलून आपलेसे केले. आफ्रिकेत झाले, आशियात झाले, तेच पुन्हा अमेरिकेत स्वतंत्रपणे झाले. पॉलिनेशियाचा निकाल मात्र वेगळा लागला: २००६ सालच्या अभ्यासात तिथल्या भोपळ्यात आशिया आणि अमेरिका या दोन्ही घराण्यांचे रक्त मिळाले. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून निघालेले दोन भाऊ त्या बेटांवर भेटले असेच म्हणायचे.

या तीन उत्तरांतून आम्ही एक गोष्ट शिकावी असे वाटते. सामान्यतः आपण इतिहासात प्रत्येक गोष्टीमागे कर्ता पुरुष शोधतो. ‘कोणी आणले?’ हा आपला पहिला प्रश्न, आणि उत्तर मिळाले नाही की आपण एखादे गलबत, एखादा ऋषी किंवा एखादी टोळी कल्पून मोकळे होतो. कधी कधी कर्ता म्हणजे नुसता वारा आणि पाणी असते. दुसरे असे की मनोहर उत्तर हे खरे उत्तर असतेच असे नाही, आणि नवा पुरावा आल्यावर जुने उत्तर सोडण्यात कमीपणा नसतो.

आता वर्तमानाकडे वळू. पितळ आले, ॲल्युमिनियम आले, मग प्लॅस्टिक आले, आणि भांडे म्हणून भोपळ्याचे राज्य आपल्याकडे संपत आले. कठीण सालीचे, मोठ्या पोटाचे, कडू गराचे तुंबे भाजीच्या उपयोगाचे नाहीत. त्यांना कोण लावणार? त्यांना आजवर तगविले ते मुख्यतः संगीताने. वारली बांधवांचा तारपा, गारुड्याची पुंगी, वारकऱ्याची वीणा, रुद्रवीणेचे दोन तुंबे, सतार आणि तंबोरा या सर्वांचा आवाज याच पोकळीतून घुमतो. मिरजेला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. तलवारींचा काळ सरला होता. त्याच हातांनी तुंब्याला सूर दिला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्यांचे तुंबे पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमाकाठच्या शेतांतून येतात, हे ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तंबोऱ्याच्या तुंब्याचे बी कोणा कारखान्यात तयार होत नाही. शेतकऱ्याने चांगले फळ राखून बी धरले तरच ते पुढच्या वर्षी असते. एका पिढीने कंटाळा केला तर मानांकनाचा कागद राहील आणि तुंबा राहणार नाही.

कडू गराबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण येथे प्रश्न जिवाचा आहे. रानटी भोपळा कडू असतो. तो कडूपणा हे जनावरांपासून संरक्षण करणारे विष आहे. माणसाने शेकडो पिढ्या गोड फळांचे बी निवडून खाण्याचा भोपळा घडविला, पण रक्तातला कडूपणा कधी कधी वर उसळतो, आणि बाहेरून तो दिसत नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कडू भोपळ्यावर ‘इक्ष्वाकु’ या नावाने एक सबंध अध्याय आहे, तो वांती करविणाऱ्या औषधांत. आपल्या पूर्वजांना त्याचा तीक्ष्णपणा ठाऊक होता. अलीकडे आरोग्यासाठी कच्च्या दुध्याचा रस पिण्याची प्रथा वाढली. २०१० साली दिल्लीत असा कडू रस प्यालेले एक शास्त्रज्ञ दगावले. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी सल्ला दिला तो अगदी आजीबाईचा आहे: आधी लहान फोड जिभेला लावून पाहावी, कडू लागली तर सबंध भोपळा टाकून द्यावा.

असा हा आमचा चरित्रनायक. आफ्रिकेतून निघाला, दोन महासागर पालथे घातले, दर्भासनावरच्या संन्याशापासून पेरूच्या कोळ्यापर्यंत सर्वांच्या हाताला लागला, आणि कोठेही गेला तरी आत पोकळी राखून राहिला. त्या पोकळीत माणसाने कधी पाणी भरले, कधी दूध, कधी भिक्षा आणि कधी षड्ज. ज्या तंबोऱ्याशिवाय आपली मैफल सुरू होत नाही त्याचे मूळ भीमाकाठच्या एखाद्या मळ्यातल्या मूठभर बियांत आहे. त्या बिया राखणाऱ्या शेतकऱ्याचे ऋण रसिकांनी ओळखावे, त्याच्या तुंब्याला योग्य दाम मिळेल असे पाहावे, आणि ज्यांच्या परसात जागा आहे त्यांनी दुध्याच्या शेजारी एक वेल तुंब्याचाही चढवावा. मात्र त्याच्या बिया निराळ्या ठेवाव्यात; फुलांवर रात्री हिंडणारे पाहुणे गोड आणि कडू असा भेद पाळीत नाहीत.